आधीच भरलेला रकाना

आमच्या घरात फॉर्म भरायचा एक नियम होता. जे आधीच भरून आलं आहे त्याला हात लावायचा नाही, आपण फक्त रिकाम्या जागा भरायच्या. हा नियम बाबांचा. मी दहावीत असताना त्यांनी माझ्या दाखल्याच्या अर्जावर टाइप होऊन आलेलं गावाचं चुकीचं नाव पेनानं दुरुस्त केलं होतं. खिडकीतल्या माणसानं खाडाखोड म्हणून अर्ज परत केला. तीन खेपा झाल्या, बाबांचे कामावर तीन खाडे पडले. तेव्हापासून मी कोणताही फॉर्म भरायला बसले की ते मागे येऊन उभे राहत आणि म्हणत, "भरलेल्याले हात नको लावू वं."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे फॉर्म खूप आले, प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, परीक्षेचे. एकही परत आला नाही. नियम बरोबर आहे असंच मला वाटत राहिलं.

शेवटच्या वर्षी मला आणि माझ्या मैत्रिणीला मिळून एक प्रोजेक्ट मिळाला. कॉलेजच्या ग्रंथालयातली पुस्तकं शोधायची यंत्रणा एका जुन्या संगणकावर चालायची आणि सारखी बंद पडायची. ती क्लाउडवर न्यायची होती, म्हणजे एखाद्या कंपनीच्या दूरच्या मोठ्या संगणकातला एक तुकडा भाड्यानं घेऊन त्यावर ठेवायची होती. अशा दोन सेवांची तुलना करून कोणती घ्यावी ते आम्ही सांगायचं. सरांनी एक गोष्ट आणखी सांगितली होती. ज्या जोडीचं काम सगळ्यात पक्कं असेल तिची शिफारस ते एका कंपनीतल्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी करणार होते. जागा एकाच जोडीला होती. माझ्या ओळखीत कंपनीत काम करणारं कोणीच नव्हतं. त्या दारातून आत जायचं तर शिफारशीशिवाय दुसरा रस्ता मला माहीत नव्हता.

काम आम्ही वाटून घेतलं. मशीन उभी करायची मी, आलेख आणि अहवाल तिचा. दोन्ही सेवांवर मी सारख्याच ताकदीची मशीन घेतली. मेमरी सारखी, डिस्क सारखी, ग्रंथालयाचा प्रोग्रॅमही तोच. पहिल्या सेवेच्या फॉर्मवर 'मशीन कुठल्या भागात हवी' हा रकाना रिकामा होता, मी मुंबई निवडलं. दुसऱ्या सेवेच्या फॉर्मवर काही रकाने आधीच भरलेले होते. ते मी तसेच ठेवले. मग दोन्हींकडे हजार-हजार वेळा पुस्तक शोधायची विनंती पाठवली आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. दुसरी सेवा दर वेळी मागे पडली, आणि थोडीथोडकी नाही. मैत्रिणीनं पहिलीची रेघ निळी काढली, दुसरीची लाल. अहवालाच्या शेवटी आम्ही लिहिलं की दुसरी सेवा ग्रंथालयासाठी योग्य नाही.

"एवढा साफ निकाल कोणत्याच ग्रुपचा नाही आला बे," मैत्रीण म्हणाली. "सर खुश होणार बघ."

सोमवारी सादरीकरण होतं. रविवारी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन त्यांच्या कामावर गेले. आम्ही राहतो त्या वाडी गावातल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ते आहेत. आधी बरीच वर्षं पोती उचलली, आता गेटवर उभं राहून आलेल्या गाडीची बिल्टी तपासतात. बिल्टी म्हणजे मालासोबत येणारा कागद, माल काय, कोणाचा, कुठून निघाला. गाडी नव्हती म्हणून बाबा निवांत जेवत होते. मी बाजूच्या पोत्यांवर बसून लॅपटॉप उघडला, उद्याचं बोलणं पाठ करत होते.

"हे दोन रेघा कायच्या?" त्यांनी विचारलं.

"दोन कंपन्यांच्या, बाबा. निळी लवकर उत्तर देते, लाल उशिरा."

"काहून उशिरा?"

"ती कंपनीच हळू आहे."

बाबांनी घास चावत जरा वेळ पडद्याकडे पाहिलं. "दोन्ही गाड्या निघाल्या कुठून?"

"गाड्या नाहीत बाबा. क्लाउड आहे. ते असं एका जागी नसतं."

"हवेत थोडी कोणी माल ठेवते! कुठं तरी गोदाम असनच ना." मग ते हसले. "रायपूरची गाडी सकाळी येऊन लागते, चेन्नईची दुसऱ्या दिवशी. म्हणून मी काय चेन्नईच्या ड्रायव्हरले आळशी म्हणू?"

त्यांना समजावून सांगायला म्हणून दुसऱ्या सेवेचं पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात, मी कित्येकदा पाहिलेल्या आणि एकदाही न वाचलेल्या जागी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं नाव होतं. आमची लाल रेघ समुद्र ओलांडून जात होती आणि परत येत होती. निळी मुंबईहून येत होती.

तेवढ्यात गाडी आली. बाबा हात धुऊन गेटवर गेले. ड्रायव्हरनं दिलेला कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून वाचला. मी ते पाहत बसले.

मग मी फोनच्या नेटवर दुसऱ्या सेवेची मशीन मुंबईत नव्यानं उभी केली, प्रोग्रॅम चढवला आणि पुन्हा हजार विनंत्या पाठवल्या. तासाभरात उत्तर आलं. दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या होत्या. दोन्ही सेवा सारख्याच होत्या. सांगण्यासारखा निकालच उरला नव्हता.

मी मैत्रिणीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"सरांना कोण सांगणार आहे?" ती म्हणाली. "अहवाल तर छापून झाला ना बे."

"ग्रंथालय आपल्या भरवशावर सेवा घेणार आहे."

"निळी तर निळी. घेतली तर काय बिघडलं? चालतेच ना ती."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी फक्त म्हणाले, "पण आपण दुसरीला वाईट लिहिलं आहे. ती वाईट नाही."

"मग तूच बोल उद्या. मी नाही बोलणार," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

सोमवारी वर्गात मी पहिला आलेख दाखवला आणि तिथंच अडखळले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणाले, "सर, हा आलेख चूक आहे." मग दुसरा दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. सरांनी विचारलं, "जागा बदलायचा पर्याय समोर होता. बदलला का नाहीस?"

दिसला नाही, असं म्हणता आलं असतं. का कोण जाणे, मी खरं ते सांगितलं. "आमच्या घरी भरलेल्या रकान्याला हात लावत नाहीत, सर."

वर्ग खो-खो हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, मॅडमला रबर द्या बे." सर हसले नाहीत. दोन्ही आलेख अहवालात शेजारी शेजारी ठेवा, चूक कशी झाली तेही लिहा, असं ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "शिफारशीची यादी मात्र आजच जाते आहे. तुमचं काम अजून पुरं नाही."

शिफारस दुसऱ्या जोडीची गेली. मैत्रीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आलेख नीट करायला स्वतःच आली आणि घरी जेवायला थांबली. जेवताना तिनं बाबांना सगळा किस्सा सांगून टाकला, वर्गातल्या हशासकट. "काका, तुमच्या नियमानं आमची इंटर्नशिप गेली हां," ती गमतीनं म्हणाली. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते. मी बाबांना फक्त एवढंच सांगितलं होतं की नाव लागलं नाही. बाबा हसले, तिला आणखी भाजी वाढायला आईला सांगितलं, आणि हात धुताना मला विचारलं, "कोणता रकाना होता वं तो?"

काही आठवड्यांनी शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, म्हणून मी आणि बाबा सेतू केंद्रात गेलो. तिथल्या मुलीनं संगणकावर बाबांची जुनी नोंद काढली. रकाने आपोआप भरले. व्यवसायाच्या रकान्यात 'शेतमजूर' आलं. रामटेककडचं गाव सोडून आम्हाला वाडीत येऊन किती वर्षं झाली, पण नोंद तशीच होती. हे मी आधीही पाहिलं असणार. या वेळी मी बाबांकडे पाहिलं. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण नियम त्यांचा होता.

मुलीचं बोट बटणावर गेलं.

"थांबा, ताई," बाबा म्हणाले. आवाज जरा दबका होता, अर्ज परत येईल अशी भीती असल्यासारखा. "तो रकाना चूक हाय. मी गोदामात काम करतो."

"इतके दाखले काढले, तेव्हा काहून नाही सांगितलं हो काका?" ती वैतागून म्हणाली. "आता कामाच्या जागेचा कागद लागेल. पुन्हा यावं लागेल तुम्हाला."

"येतो ना," बाबा म्हणाले.

आम्ही बाहेर पडलो. म्हणजे आणखी एक खेप, आणखी एक खाडा. बाबांनी मुलीनं दिलेली दुरुस्तीच्या अर्जाची पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे वाच बरं आधी. पहिल्या ओळीपासून."