संदीपच्या नावावर खेळलेला काशिनाथ

फर्नांडिस सरांचा फोन आला तेव्हा मार्च सुरू झाला होता. सर म्हणजे नाशिक रोडला आमच्या शाळेत पी.टी. शिकवणारे, आणि नव्वदच्या दशकात तिथे चालणाऱ्या हौशी फुटबॉल लीगचे सेक्रेटरी, रेफ्री आणि मैदानावर चुना मारणारेही तेच. आता ते कायमचे मुलीकडे वसईला निघाले होते. लीगच्या वह्या कपाटात पडून होत्या. कुणाला हव्या असतील तर या, नाहीतर रद्दीत जातील, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

या ब्लॉगवर मी जुन्या मॅचेसबद्दल एक-दोनदा लिहिलं होतं आणि लीगचा इतिहास लिहा, असं काही वाचकांनी कळवलंही होतं. मी तीन दिवसांची रजा टाकली. बायकोला सांगितलं, वह्या आणायला चाललोय. तिथून पुढे पेठलाही जायचं मनात होतं, पण ते मी तिला सांगितलं नाही, कारण जाईन याची माझी मलाच खात्री नव्हती.

पुण्यात शिवाजीनगरहून सकाळची साधी एसटी घेतली. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत नाशिक रोडला पोचायला सहा तास लागतात. घाई असेल तर शेअर टॅक्सी बरी, पण ती वाटेत नीट जेवायला थांबत नाही. संगमनेरला पिठलं-भाकरी चांगली मिळाली. सिन्नर सुटल्यावर मला बोलायला कुणी नको होतं, म्हणून झोपेचं सोंग घेऊन बसलो.

सरांचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. आधी मैदानावर गेलो. मैदान म्हणजे कॉलनीमागचा उघडा तुकडा. तिथे आता चारचाकी गाड्यांचं पार्किंग आणि कडेला गाळ्यांची रांग आहे. आम्ही खेळायचो तेव्हा गोलपोस्टला जाळी नसायची. सरांनी कांद्याच्या रिकाम्या गोण्या उसवून, एकमेकींना शिवून जाळ्या केल्या होत्या. जोरात बॉल बसला की त्यातून कांद्याची सालं उडायची. रविवारी कंपाउंडच्या भिंतीवर माणसं पाय सोडून बसायची. पहिल्या वर्षी सहा टीम होत्या, पुढे दहा झाल्या. देवळालीच्या पोरांकडे बूट होते, आमच्यातल्या निम्म्यांकडे कॅनव्हासचे जोडे, आणि एक जण अनवाणी खेळायचा.

तो काशिनाथ.

आमच्या टीमचं नाव तूफान इलेव्हन. मी लेफ्ट बॅक आणि कॅप्टन. एका मोसमात आमचा फॉरवर्ड संदीप नोकरीसाठी सुरतेला गेला आणि नाव नोंदवायची मुदत संपून गेली होती. त्याच सुमारास दिंडोरी रोडच्या एका द्राक्षबागेत कामाला आलेला पोरगा आमच्या प्रॅक्टिसच्या कडेला उभा राहायला लागला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. पेठकडच्या आश्रमशाळेत फुटबॉल खेळलेला. एकदा बॉल त्याच्याकडे गेला आणि त्याने तो ज्या तऱ्हेने पायावर घेतला, ते पाहून मी त्याला लगेच आत खेळायला बोलावलं. फॉर्मवर तेव्हा फोटो नसायचा. संदीपच्या फॉर्मवर मी काशिनाथला उतरवला. त्याला सांगितलं, मैदानावर कुणी संदीप म्हणून हाक मारली तर ओ द्यायची.

सरांनी चहा दिला आणि वह्या पुढ्यात ठेवल्या. निळ्या शाईतलं बारीक अक्षर. त्या मोसमाच्या पानावर संदीपच्या नावापुढे गोलांच्या रेघा होत्या, आणि सेमीफायनलच्या खाली लिहिलं होतं, 'संदीप जखमी, उत्तरार्धात बाहेर.' सर शेजारी बसून प्रत्येक मॅचबद्दल काही ना काही सांगत होते. त्या पानावर मात्र काही बोलले नाहीत. मीही पान उलटलं.

त्या सेमीफायनलमध्ये काय झालं ते इथे सरळच लिहितो. बॉलसाठी दोघे एकदम घसरले आणि काशिनाथच्या नडगीचं हाड मोडलं. आवाज मला माझ्या जागेवरून ऐकू आला. रिक्षात घालून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं आणि केसपेपरवर नाव लिहिलं संदीप. प्लास्टर झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी परत एक्स-रे काढायला आणा, हाड सरकू शकतं, असं बजावून सांगितलं. फायनल आठ दिवसांवर होती. समोरच्या टीमची पोरं माणुसकीने त्याला बघायला येणार होती. तो दोन वाक्यं बोलला असता तर बोलीवरूनच हा संदीप नाही हे कळलं असतं, आणि आम्ही बाद झालो असतो. म्हणून तिसऱ्या दिवशी मी त्याला पेठच्या एसटीत बसवून दिला. फायनल झाली की न्यायला येतो, असं सांगितलं. केसपेपर माझ्या बॅगेतच राहिला.

फायनल आम्ही जिंकलो. मी न्यायला गेलो नाही. आधी परीक्षा होती, मग पुण्याला नोकरी लागली, आणि मग इतके दिवस गेल्यावर कुठल्या तोंडाने जायचं, असं होऊन बसलं. याला दहा वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून पेठची गाडी पकडली. तिकीट चाळीस रुपयांच्या आत. पंचवटी ओलांडली, रामशेजचा डोंगर मागे पडला की रस्ता चढायला लागतो आणि सावळ घाटात डावीकडची खिडकी मिळाली तर खोल दरी दिसते. पावसानंतर हा भाग हिरवागार असतो म्हणतात. मार्चमध्ये सगळं भुरकट होतं, भाताच्या खाचरांत नुसती खुंटं. करंजाळीला गाडी चहासाठी थांबते. पेठहून पुढे जीप, माणसं भरल्याशिवाय ती निघत नाही, त्यामुळे तासभर हाताशी ठेवा. मला त्याच्या पाड्याचं नाव आठवत होतं. जीपवाल्याला विचारलं, काशिनाथ नावाचा, फुटबॉल खेळायचा तो. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "लंगडा काशिनाथ? टोपल्या करतो तो?"

मी हो म्हणालो.

काशिनाथ अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. उजवा पाय पुढे पसरलेला, आणि नडगी मधूनच बाहेरच्या बाजूला वळलेली. मी नाव सांगायच्या आधीच त्याने मला ओळखलं. कॅप्टन, एवढंच म्हणाला आणि आईला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

त्याची बायको द्राक्षाच्या कामावर दिंडोरीला होती. पाड्यावरची बरीच माणसं या दिवसांत तिकडेच असतात. काशिनाथला पायामुळे उभ्याचं काम होत नाही, म्हणून तो घरी. त्याच्या आईने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. जेवताना त्याने हळूहळू सांगितलं. पंधरा दिवस त्याने वाट पाहिली. मग भाऊ त्याला घेऊन पेठला गेला, तिथे आधीचा कागद मागितला, तो नव्हता. नाशिकला कुठे आणि कोणत्या नावाने दाखवलं, हे सांगायची त्याला भीती वाटली. कॅप्टन अडचणीत येईल, असं वाटलं. दोघे परत आले. दीड महिन्याने भावाने विळ्याने प्लास्टर कापलं, तेव्हा हाड वाकडंच जुळलेलं होतं.

हे सांगताना त्याचा आवाज कुठेच चढला नाही. मी ताटाकडे बघत होतो. मी म्हणालो, कागद माझ्याकडे होता. तो म्हणाला, माहीत आहे.

जेवणानंतर कोयता घेऊन परत कामट्या सोलता सोलता त्याने विचारलं, "फायनलला किती गोलांनी हरलात?"

"हरलो नाही. जिंकलो आपण."

त्याने कोयता खाली ठेवला. "माला वाटलं हरले. जिंकले असते तर सांगाया आलं असतं कोनी."

मग म्हणाला की पाड्यावर सगळ्यांना त्याने तेच सांगितलं होतं. माझा पाय मोडला, म्हणून आमची टीम हरली. दहा वर्षं त्याला त्याचंच वाईट वाटत होतं.

मी माफी मागितली. कशी मागितली ते मला नीट आठवत नाही, शब्द चांगले नव्हते. पुण्याला किंवा नाशिकला हाडांच्या डॉक्टरला दाखवू, मी येतो बरोबर, असंही म्हणालो. त्यावर त्याने पायाकडे पाहिलं आणि आता हे राहू दे म्हणाला. परतीची शेवटची जीप चारला असते, हे त्यानेच मला आठवण करून दिलं. निघताना त्याच्या आईने एक टोपली दिली. ती मी घेऊ नये असं मला वाटत होतं, आणि नको म्हणायचा धीरही झाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला पहिल्याच मॅचला कळलं होतं, विलास. संदीपला मी सहावीपासून शिकवलेला. तुम्हाला बाद केलं असतं तर मारामाऱ्या झाल्या असत्या, लीग तिथेच मोडली असती. म्हणून गप्प बसलो."

लीग त्यानंतर दोनच मोसम चालली. मैदान गेलं, आणि पोरं नोकऱ्यांना लागली.

सरांनी ती वही उघडली. संदीपच्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली, वर काशिनाथ असं लिहिलं आणि पेन तसंच धरून मला विचारलं, "आडनाव?"

मला सांगता आलं नाही. एक अख्खा मोसम तो माझ्या पुढे खेळला, काल त्याच्या घरी जेवून आलो, आणि आडनाव मी विचारलंच नव्हतं. सरांनी पुढे जागा कोरी ठेवली आणि वह्या पिशवीत भरून दिल्या.

पुण्याला आल्यावर जुन्या टीममधल्या चौघांना मेल केली. दोघांचं उत्तर नाही. एकाने लिहिलं, आता हे उकरून काय करणार आहेस. चौथ्याने काशिनाथ कोण, असं विचारलं. तो त्या फायनलमध्ये आमचा गोलकीपर होता.

बायकोला सगळं सांगितलं. जाऊन आलास हे बरं झालं, असं ती म्हणाली. मला तसं म्हणता येत नाही. मी गेलो नसतो तर काशिनाथने पुढेही हेच धरून ठेवलं असतं, की त्याच्या पायामुळे आम्ही हरलो. आता त्याला ठाऊक झालंय की त्याच्यावाचून आमचं काहीच अडलं नव्हतं. यातलं कुठलं सोसायला सोपं असतं, ते मला त्याच्याकडे बघूनही कळलं नाही.