नऊच्या पाढ्याबाहेरची शिट्टी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, बायको म्हणते आता सोडा ते. नाही सुटत. नावं सांगणार नाही, कारण त्यातले सगळे अजून इकडेच, वऱ्हाडात राहतात आणि एक जण तर अजूनही शाल-श्रीफळ घेत फिरतो.

तेव्हा मी अकोला-अमरावती पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. गावातल्या म्हाताऱ्या मंडळींची एक तक्रार होती. संध्याकाळी मीडियम वेव्हवर शेतीचा कार्यक्रम आणि भजनं लागायची, त्यात हल्ली एक बारीक शिट्टी सतत वाजत होती. खून, चोऱ्या, मारामाऱ्या सोडून रेडिओच्या शिट्टीकडे ठाण्यात कोण बघतो?

मग एका सकाळी एक क्लासचालक माझ्यासमोर येऊन बसले. भौतिकशास्त्राच्या शिकवणीसाठी गावात मोठं नाव, चौकात त्यांचे फलक, शांतता समितीचे सदस्य. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की ही साधी शिट्टी नाही, कोणीतरी चोरून प्रक्षेपण करतंय, सांकेतिक असू शकतं, दिवस वाईट आहेत. कुठून, ते त्यांना माहीत होतं. बुद्ध विहारामागच्या गल्लीत एक निवृत्त विज्ञान शिक्षक राहतात, त्यांच्या घरात ट्रान्समीटर आहे. जाता जाता म्हणाले, "बरोबर एक हजार किलोहर्ट्झवर चालतो साहेब. लिहून ठेवा."

मला त्याच दिवशी साक्षीसाठी अकोल्याच्या कोर्टात जायचं होतं. मी उपनिरीक्षकाला सांगितलं, जा, साध्या कपड्यात जा, बघ, विचार. त्याने काय केलं? गाडी भरून माणसं नेली, बुटांसकट घरात शिरला, वर वरिष्ठांना फोन करून 'संशयास्पद यंत्रणा पकडली' असं कळवून मोकळा झाला. दोन जुने लाकडी रेडिओ, कॅसेटी, मोडक्या छत्रीचा सांगाडा वाटावा अशी एक अँटेना, आणि चपलांच्या खोक्यात बसवलेला तो ट्रान्समीटर. सगळं गल्लीतून मिरवत आणलं. गल्ली दारात उभी राहून बघत होती.

त्या संध्याकाळी रेडिओवरची शिट्टी बंद झाली. झालं, सगळ्यांना पुरावा मिळाला.

मी परत आलो तेव्हा शिक्षक बाकावर ताठ बसलेले होते आणि त्यांची मुलगी दारात उभी होती. तिची सरकारी नोकरीत निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचे कागद माझ्याच ठाण्यात पडून होते. बापावर असला गुन्हा नोंदला गेला तर वर कोण काय शेरा मारील, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिने विनवणी केली नाही. तिने एवढंच विचारलं की माझे कागद आज जाणार होते, ते कुठे आहेत?

मी शिक्षकांना आत घेतलं. मी चिडलेलो होतो आणि ते माझ्याहून जास्त. परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही हे माहीत नव्हतं का, असं मी दरडावून विचारलं. माहीत होतं, म्हणाले. जुन्या रेडिओंवर ऐकायला आता एखादंच केंद्र उरलंय, म्हणून आपल्याच कॅसेटी आपल्याच रेडिओवर वाजवायचे. आवाज गल्लीच्या टोकापर्यंतही धड पोहोचत नव्हता. मग शिट्टी कशाला वाजवता, असं मी म्हणालो आणि माणूस खुर्चीतून उठलाच.

"शिट्टी माही नाही साहेब. भारतात मीडियम वेव्हचं स्टेशन नऊच्या पाढ्यातच बसते. नऊशे नव्वद, नऊशे नव्व्याण्णव, मंग एक हजार आठ. मी महिनाभर दिवसा ऐकलं, रातच्याले ऐकलं, एक हजार आठवर इथं कोनीच नाही, म्हून त्याच आकड्याचं क्रिस्टल मुद्दाम शोधून आनलं. खोलून पाहा. तुमी काहून नाही पाहिलं?"

क्रिस्टल म्हणजे नखाएवढी पत्र्याची डबी, आत स्फटिकाचा काप. ज्या आकड्याचा काप, त्याच आकड्यावर यंत्र चालतं, इकडे तिकडे हलत नाही. मी मुद्देमालातलं खोकं पंचांसमोर उघडलं. डबीवर एक हजार आठच छापलेलं होतं.

मग शिट्टी कुठली? ते त्यांनीच सांगितलं. आपल्याकडे ऐकू येणारं ते भजनांचं केंद्र नऊशे नव्व्याण्णववर आहे. कोणी शेजारी एक हजारावर चालू केलं, तर दोघांमधला फरक कानाला शिट्टी होऊन ऐकू येतो. एक हजाराचं क्रिस्टल बाजारात सहज मिळतं, गोल आकडा असतो, आळशी माणूस तेच लावतो. हे बोलताना ते मध्येच थांबले. कोणाचं नाव घेतलं नाही. मी विचारलं, तुम्ही हे कोणाला शिकवलं होतं? त्यांनी मान फिरवली. म्हणाले, शिकवलेल्या पोराचं नाव मी पोलिसांत सांगणार नाही.

मला नाव नको होतं. सकाळचं ते 'बरोबर एक हजार' माझ्या कानात होतं.

क्लासचालकांना पुरवणी जबाबासाठी बोलावलं. चहा मागवला. समोरच्या पानवाल्याकडून आकडे दाखवणारा रेडिओ आणून टेबलावर ठेवला आणि म्हणालो, सर, तो एक हजार मला जरा लावून दाखवा. त्यांनी बटण दाबलं. नऊशे नव्वद. पुन्हा दाबलं. नऊशे नव्व्याण्णव. पुन्हा, तर एक हजार आठ. मागे गेले, पुन्हा पुढे आले. भौतिकशास्त्राचे मास्तर ते, माझ्या आधी त्यांना कळलं. काट्याच्या रेडिओवर जो आकडा नेमका कळत नाही आणि आकडेवाल्यावर लागतच नाही, तो ऐकणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही. ज्याने क्रिस्टल विकत आणलं, त्यालाच माहीत असतो.

चहा तसाच राहिला. शेवटी म्हणाले की 'रेडिओवर क्लास' ही जाहिरातीची कल्पना होती, कॉलनीपुरती. सरांनी, म्हणजे त्या शिक्षकांनी, एकदा शिट्टीबद्दल बजावलंही होतं. पण लोक चौकशी करायला लागले तेव्हा ते घाबरले, सरांकडे बोट दाखवलं आणि धाड पडताच आपलं यंत्र बंद केलं. "साहेब, माझी गावात इज्जत आहे. सरांचं काय, ते निवृत्त आहेत. आपसात मिटवू."

आयुष्यात मी अनेक गुन्हेगार पाहिले. दारूच्या नशेत भावाचं डोकं फोडणारा पाहिला, त्याचीही एवढी किळस आली नव्हती. ज्याने हातात सोल्डरिंग गन धरायला शिकवलं त्याच्याच दारात हा पोलीस पाठवतो आणि वर इज्जत सांगतो!

त्याहून जास्त राग पुढे आला. वरिष्ठांचा फोन आला की क्लासवाले भले गृहस्थ आहेत, समज देऊन सोडा. शिक्षकाचं सामान जप्तच आहे, तर त्याच्यावर नोंदवून टाका. मी म्हणालो, साहेब, दोन घरं, दोन ट्रान्समीटर, एक कायदा. नोंदवायचं तर दोघांवर, आणि पहिला गुन्हा शिट्टीवाल्यावर, खोट्या खबरीसकट. शेवटी दोघांनाही लेखी ताकीद देऊन दोन्ही यंत्रं बंद करायचं ठरलं. मुलीचे कागद मी त्याच बैठकीत सही करून पाठवले. कोणताही शेरा नाही.

शिक्षकांना हे सांगितलं तर त्यांनी हात जोडले, पण चेहरा सैल झाला नाही. म्हणाले, "माह्या पोरीचं काम केलं, ते मी इसरनार नाही. पन साहेब, मले नेलं ते साऱ्या गल्लीनं पाहिलं. सोडलं ते कोनं पाहिलं?"

पोलिसांत सोडलेलं दाखवायची पद्धतच नाही. धाड वाजतगाजत जाते आणि सुटका कागदावर होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गणवेशात गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी थांबवली, उपनिरीक्षकाला आणि धाडीतल्या त्याच शिपायांना उतरवलं आणि दोन्ही रेडिओ, कॅसेटी त्यांच्या हातात देऊन चालत नेलं. लोक दारात आले. मी मोठ्याने सांगितलं, गुरुजींचं सामान परत आलंय, ती शिट्टी त्यांची नव्हती, चूक आमची होती. उपनिरीक्षक तरातरा उंबऱ्याकडे निघाला.

मी सगळ्या गल्लीसमोर ओरडलो, "आधी बूट काढ."

या प्रकरणाने मला खबरीबद्दल एक धडा दिला. माणूस काय सांगतो ते ऐकायचंच, पण ते त्याला कसं कळलं हे त्याच क्षणी विचारायचं. मात्र हे मी नव्या अधिकाऱ्यांना नंतर सांगतो. आधी सांगतो ते बुटांचं.