तुराटीची सावली आणि माझं घड्याळ

राळेगावकडच्या आमच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक तुराटी, तुरीची वाळकी काठी, रोवलेली असे आणि तिच्या उत्तरेला जमिनीत रुतवलेले दोन दगड. कापूस वेचणाऱ्या बायांचं हेच घड्याळ. तुराटीची सावली पहिल्या दगडावर आली की भाकरीला बसायचं, सरकत दुसऱ्यावर गेली की उठायचं. माझ्या जन्माआधीपासून असंच चालत होतं.

मी यवतमाळला मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते. त्या हिवाळ्याच्या शेवटी तापातून उठले आणि चार दिवस विश्रांतीला म्हणून घरी आले, ती मनगटावर मामाचं घड्याळ बांधून. बाबा कापसाच्या गाड्या घेऊन बाजाराला गेले आणि वेचणीवर लक्ष ठेवायला मला बसवून गेले. पहिल्या दिवशी बाया भाकरी खाऊन उठल्या तेव्हा घड्याळात दीड वाजत आला होता. शाळेतली सुट्टी बाराला होऊन एकला संपते, मग यांची दीडला कशी? दीक्षा घेऊन बौद्ध झाल्यापासून या बाया डोक्यावर बसल्यात, असं आमच्या घरात बोललं जाई आणि मला ते खरं वाटे. मी तुराटी उपटून फेकली. उद्यापासून अर्धा तास आधी, एकला उठायचं, असं सांगितलं.

त्यांच्यात एक तान्ह्या मुलीची आई होती. मुलगी वस्तीवर सासूजवळ असे. ही दुपारी धावत जाऊन तिला पाजून येई. तिला दगड बघावेच लागत नसत. ऊन भांगात तापलं की पान्हा फुटतो, असं ती सांगे आणि बाकीच्या हसत. ती माझ्यापाशी आली.

"अर्ध्या घंट्यात मले जाऊन येनं होत नाई, बाई. लेकरू वाट पायते."

मी तिच्यापुढे मनगट धरलं. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि परत आपल्या ओळीत वेचायला लागली. दुसऱ्या दिवसापासून ती घरी गेली नाही. दुपारी तुरीच्या आड जाऊन दूध मातीत पिळून यायची. तिची चोळी भिजलेली मला दिसत होती. मी दुसरीकडे बघायची.

पुढे शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी फळ्यावर उभी रेघ ओढली. ही मध्यान्हरेषा, म्हणाले, सूर्य हिच्यावर आला की त्या गावची खरी दुपार. देशातली घड्याळं अलाहाबादजवळच्या रेषेवर लावलेली. आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून आपली दुपार बारा वाजून गेल्यावर होते, हिवाळ्याच्या शेवटी तर जवळजवळ अर्ध्या तासाने. म्हणजे तुराटी आणि पहिला दगड, ही आमच्या शेतातली मध्यान्हरेषाच होती.

खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. चूक माझी नव्हतीच, त्या अलाहाबादच्या रेषेची होती. हे समाधान दोन दिवस पुरलं. मग आठवलं, की बारा वाजता एकही बाई भाकरीला बसली नव्हती. तुराटी उपटल्यावरही पायाशी आलेली सावली बघून साडेबारापर्यंत सगळ्या वेचत होत्या आणि घड्याळ हातावर असून मी गप्प होते. बसायला त्यांची सावली चालली, उठवायला माझं घड्याळ. एवढं कळायला भूगोल लागत नव्हता. तो अर्धा तास मी खाल्ला होता, तोही एका तान्ह्या पोरीच्या तोंडचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी नवी तुराटी रोवली आणि मग वस्तीवर त्या आईच्या घरी गेले. ती अंगणात धान्य पाखडत होती. रेषेचं, सावलीचं, घड्याळाचं सगळं सांगितलं आणि माझं चुकलं म्हणाले. तिने सूप न थांबवता ऐकून घेतलं. मुलगी तिच्या पाठीला धरून उभी होती.

"आता कायले सांगून राह्यली, बाई?" ती म्हणाली. "पोरगी भाकर खाते आता."