चौकीतला हक्कांचा कागद

वकिली सोडून बरीच वर्षं झाली. कलमं विसरत चाललोय, पण किस्से काही विसरत नाही. एक निघाला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतोच! त्यातले बरेचसे ठाणे-कल्याणकडच्या एकाच पोलीसचौकीतले. तिचं नाव सांगत नाही. माणसं भली होती.

राज्यघटना तेव्हा नवीकोरी होती आणि माझा काळा कोटही. मी तावातावाने फौजदार शिर्क्यांना म्हणालो, "साहेब, पकडलेल्या माणसाला का पकडलं ते कळायला हवं. त्याला वकील करता येतो. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. पण हे हक्क त्याला सांगणार कोण? तुम्हीच सांगायला हवेत!"

शिर्के पान चघळत म्हणाले, "म्हणजे मासा गळाशी आला की आपणच सांगायचं, बाबा रे, तोंड मिटून घे?"

पण माणूस दिलदार. "द्या कागदावर लिहून. बघू थोडे दिवस."

*

पहिला मान मिळाला बाजारात मारामारी केलेल्या एका हमालाला. तो सारखा ओरडत होता, "माझं ऐका तरी! मी काय केलं?"

हवालदार सावंतांनी माझा कागद नाकासमोर धरला, नीट वाचला, आणि टेबलावर दंडुका आपटून गरजले, "गप्प बस! हक्क आहे तुझा!"

*

मग बाळकुमची एक म्हातारी आली. दारूबंदीचे दिवस, आणि हिच्या चुलीवर हातभट्टीची हंडी. सावंत आता सुधारले होते. अदबीने म्हणाले, "आजी, तुम्हाला वकील करता येतो."

"वकील कनाला? बोलाला मी हाय ना!"

आणि ती बोलायला लागली. आधी शिर्क्यांचं खानदान झालं. मग सरकार. मग कुठली बाटली कुठल्या शिपायाच्या घरी जाते, ते नावानिशी! तासाभराने शिर्क्यांनी हात जोडले, "आजी, कागदातलं शेवटचं वाक्य ऐका. गप्प राहायचाही हक्क आहे तुम्हाला!"

*

डोंबिवलीच्या एका मास्तरांना सायकलवर बायकोला डबलसीट घेतलं म्हणून आणलं होतं. मास्तरांनी घटना वाचलेली. म्हणाले, "कारण लेखी द्या."

सावंतांनी घाम पुसत पुसत लिहून दिलं. मास्तरांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका काढल्या आणि खाली शेरा मारला, 'पुन्हा लिहा.' असं तीनदा!

चौथ्यांदा सावंत शिर्क्यांसमोर उभे राहिले. "साहेब, एक तर यांना सोडा, नाहीतर मला आत टाका!"

*

शेजारच्या चौकीत मात्र कागद पोचला नव्हता. तिथे सोमवारी पकडलेला एकजण भांड्यांच्या चोरीची कबुली द्यायला कोर्टात आणला. मॅजिस्ट्रेट शांतपणे म्हणाले, "कबुली द्यायची सक्ती नाही. दिलीस तर ती तुझ्याचविरुद्ध वापरली जाईल. आता सांग, चोरी तू केलीस?"

"साहेब, मंगळवारपर्यंत नव्हती केली."

आम्ही सगळे वकील हसलो. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी त्याला सदरा काढायला सांगितलं. त्याची पाठ दिसली, आणि आमचं हसू जागच्या जागी थांबलं. कबुली अर्थात लिहून घेतली गेली नाही.

*

आणि हा धोंडूचा. कोकणातून आलेला, शहाडच्या एका कारखान्यातला कामगार. तांब्याची तार चोरीला गेली म्हणून पकडलेला. सावंतांनी कागद वाचला, धोंडूने मान डोलावली, आणि जो गप्प झाला तो झालाच. कोर्टाने कोठडी दिली, तरी चार दिवस चकार शब्द नाही!

शिर्के माझ्यावर उखडले. "बघा तुमचा कागद! चोर आहे, म्हणूनच तोंड उघडत नाही." खरं सांगतो, मलाही मनातून तसंच वाटायला लागलं होतं.

पाचव्या दिवशी खरा चोर सापडला, तारेसकट. चौकशीत कळलं, चोरीच्या दिवशी धोंडू कळव्याला बहिणीकडे बारशाला होता. दहा माणसं साक्षीला!

शिर्के मनातून ओशाळले. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. "अरे, पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतंस, तर संध्याकाळी घरी गेला असतास. बोलला का नाहीस?"

धोंडू चहा बशीत ओतत म्हणाला, "मागच्या टायमाला शेजारच्या चौकीत खरं तेच बोललेलो, साहेब."