हुसेनसाबांनी शिवलेला एकट्याचा तंबू

आमचे हुसेनसाब नवी पेठेच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. एकदा सांगोल्याचा एक डाळिंबवाला भांडायला आला, ताडपत्री गळते म्हणून. हुसेनसाबांनी ती उन्हात धरली, भोकाला एक डोळा लावला आणि म्हणाले, “हे सुईचं भोक न्हाय, मालक. हे तुमच्या बकरीचं हाय.” तो माणूस हसत बसला, चहा पिऊन गेला आणि पुढं त्याच्या पोरीच्या लग्नात आम्ही दोघं पोटभर जेवलो. त्या लग्नात काय गोंधळ झाला ते सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल, म्हणून राहू दे.

मला सांगायचंय ते त्यांच्या चालण्याबद्दल. दर जानेवारीत पंधरा दिवस हुसेनसाब आणि अण्णाराव पायी हिंडायचे. अण्णाराव म्हणजे कचेरीतून रिटायर झालेले कारकून. अकरा वर्षं हे चाललं. कधी देवळाच्या ओवरीत झोपायचं, कधी दर्ग्याच्या पडवीत, आणि काहीच नसलं तर ताडपत्री. ती सात किलोची, कायम हुसेनसाबांच्या पाठीवर. ती ताणायला दोन माणसं लागायचीच. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं दोरी बांधायची. तेवढ्यात वारा आला की दोघांची भांडणं. ती भांडणं हुसेनसाब परत येऊन मला इतकी रंगवून सांगायचे, की न चालता माझे पाय दुखायचे!

यंदा मोठा बेत होता. जेऊरला रेल्वेनं उतरायचं आणि भीमेच्या कडेनं, सीना तिला मिळते त्या कुडलपर्यंत चालायचं. अण्णाराव म्हणाले, “मास्तर, आता हे ओझं नको. परदेशात लोक एकेकट्याचा तंबू नेतात, किलोभराचा. दोघांना दोन कर की.”

झालं! हुसेनसाबांच्या अंगात वारं शिरलं. महिनाभर दुकानात दुसरा विषय नाही. दुहेरी कापडाचा केला तर आत ओल कमी, पण वजन वाढतं. एकेरी केला तर हलका, पण नदीकाठी पहाटे आपल्याच श्वासाची वाफ पाणी होऊन अंगावर ठिबकणार. शेवटी एकेरीच ठरला, डोक्याशी वारा खेळायला झडप ठेवून. कापड सिलिकॉन लावलेलं नायलॉन, इतकं पातळ की हुसेनसाबांच्या पत्नी नूरबीभाभी म्हणाल्या, “याची तर माझी ओढणीसुद्धा व्हायची न्हाई.” तळ परातीसारखा चारी कडांनी उचललेला. खांब वेगळा नाहीच, चालायची काठीच आत उभी करायची. काळ्या रानात खुंटी टिकत नाही, म्हणून कोपऱ्यांना पिशव्या लावल्या. त्यात ढेकळं नाहीतर वाळू भरायची.

“आधी अण्णाचा शिवतो,” म्हणाले, “त्याचा उजवा हात वर जात न्हाय.”

मग अण्णारावांना दुकानाच्या फरशीवर आडवं केलं आणि टेपनं मापं घेतली. येणारी गिऱ्हाइकं घाबरून मागं सरायची! सगळ्या दोऱ्या डाव्या हाताशी आणि कमरेच्या खाली येतील अशा घेतल्या. मागचे दोन कोपरे आधी, मग काठी, मग पुढचे. गच्चीवर अण्णारावांनी एकट्यानं सात मिनिटांत तंबू उभा केला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला तर नऊशे साठ ग्रॅम! अण्णाराव तो घरी घेऊन गेले आणि मी सगळ्या गल्लीला सांगत सुटलो.

निघायला आठ दिवस राहिले तेव्हा अण्णारावांचा फोन आला. खांदा धरलाय, डॉक्टर नको म्हणतात, यंदा राहू दे. हुसेनसाबांनी स्वतःचं कापड न कापता गुंडाळून ठेवलं. तेलाची बाटली घेऊन अण्णारावांच्या घरी गेले, तर सून म्हणाली, मामंजी लेकीकडं जेऊरला गेलेत, आरामाला.

त्यानंतर पंधरवड्यानं माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. नदीकाठ, आणि त्यावर आपला तंबू! मला इतका आनंद झाला की पुढचं न बघताच चप्पल घालून पळालो.

“हुसेनसाब, तुमचा तंबू मोबाईलवर आलाय की!”

त्यांनी चष्मा पुसला. “ताण बघा आप्पा,” म्हणाले, “एक सुरकुती न्हाय.” मग तंबूतून अण्णाराव बाहेर आले. कुणीतरी पोरं त्यांना विचारत होती, आजोबा, एकटेच? आणि अण्णाराव हसून म्हणत होते, “मला सोबत लागत नाही. सोबत असली की दुसऱ्याच्या चालीनं चालावं लागतं.” तंबू कुठला? “पुण्याहून मागवलाय.”

हुसेनसाब म्हणाले, “परत लावा.”

मी परत लावला. आतून नूरबीभाभी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अण्णारावांचा खांदा दुखत होता ना?”

मग हुसेनसाब आपल्या बोटांकडं बघत म्हणाले, “मीच शिवला की आप्पा. त्याला कुणी लागू नये, असाच शिवला.”

फेब्रुवारीत अण्णाराव दुकानात आले. तंबूची कड बाभळीच्या काट्यानं फाटली होती.

“रागावलास का, मास्तर?”

हुसेनसाबांनी कापड उलटं केलं. “खांदा कसा हाय?”

अण्णाराव स्टुलावर बसले. “तू बरोबर असलास की सगळं तूच करतोस. मला एकट्याला काय जमतंय ते बघायचं होतं.”

“मग सांगायचं की. मी काय धरून ठेवलं असतं?”

“नसतं धरलंस. पण तुझं तोंड बघून मला निघवलं नसतं.”

“आणि पुण्याहून?”

“तुझं नाव सांगितलं असतं तर पोरांनी विचारलं असतं, मग ते कुठायत?”

यावर हुसेनसाबांनी मान हलवली, जणू हिशेब बरोबर आहे. ठिगळ लावलं, कडेनं सिलिकॉनचा हात फिरवला. मग सहज विचारावं तसं विचारलं, “झोप लागली का तितं?”

“लई छान. दव सुद्धा नाही पडलं आत.” अण्णाराव खुलले. “पुढच्या वर्षी तुझाही शीव. दोन तंबू शेजारी शेजारी.”

“तुमी तुमच्या चालीनं जावा, अण्णासाहेब.”

अकरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून अण्णाला ‘तुमी’ ऐकलं नव्हतं. अण्णारावांनीही ऐकलं नव्हतं. ते तंबूची घडी घेऊन दुकानाची पायरी उतरले.

ते गल्लीच्या टोकाशी पोचले असतील, हुसेनसाब म्हणाले, “आप्पा, ठिगळ ओलं हाय. घडी केली तर चिकटंल. सांगून या.”

“तुम्हीच हाक मारा की.”

“तुमी जावा.”

मी पळालो. नवी पेठेच्या गर्दीत अण्णारावांना गाठलं आणि निरोप दिला. ते म्हणाले, “तोच म्हणाला?” मी हो म्हणालो. त्यांनी घडी उलगडली, ठिगळावर फुंकर घातली. “मग वाळेपर्यंत दुकानातच बसू का? विचारून ये ना.”

मी परत आलो आणि विचारलं.

हुसेनसाबांनी एका ट्रकची ताडपत्री मशीनखाली ओढली होती. त्यांनी सुईत दोरा घातला, मशीनचं पायडल दाबलं.

“आज नको,” म्हणाले.