तळ्यातला साहेब

मास्टर चीफ पेटी ऑफिसर दत्ताराम केळुसकर, राहणार वेंगुर्ले. मी नौदलातून रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झालो, त्यात सर्वात मोठा वाटा या माणसाचा आहे. ते माझे वरिष्ठ नव्हते. माझ्या हाताखाली काम करत होते.

माझं गाव धामापूरजवळ. घरी भातशेती आणि थोडी काजू. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नौदलात अधिकारी होता येतं हे मला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. फिजिक्सच्या सरांनी फॉर्म आणून दिला, इंग्रजीच्या बाईंनी मुलाखतीची तयारी करून घेतली. पोहायला मी धामापूरच्या तळ्यात शिकलो. समुद्र शाळेच्या सहलीत दोनदा पाहिला होता.

लेफ्टनंट कमांडर झाल्यावर मला पहिली कमांड मिळाली. छोटं गस्ती जहाज, चाळीस माणसं. गस्त विजयदुर्गापासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत. माझ्या कागदांवर 'तालुका मालवण' होतं. जहाजावर सगळे धरून चालले की कॅप्टन साहेब या किनाऱ्याचे, त्यांना इथला खडक न खडक ठाऊक.

केळुसकर चीफ फसले नाहीत. पहिल्याच आठवड्यात डेकवर त्यांनी विचारलं, "सायबानू, गाव खंयचो?"

"धामापूरच्या बाजूक."

"म्हणजे तळ्यातले." ते हसले. "बोटीर सांगितल्यात?"

"कोणी विचारलं नाही."

"इचारतले," ते म्हणाले आणि कामाला लागले.

चीफ दर्यावर्दी घरातले. वडील मच्छीमार होडीचे तांडेल. जहाजावर पाण्याची खोली मोजणारा ईको साऊंडर होता, तरी नांगर टाकण्याआधी चीफ शिसं बांधलेली दोरी स्वतः पाण्यात सोडत. शिशाच्या बुडाला साबण चोपडलेला असे. तळाची रेती किंवा चिखल त्याला चिकटून वर येई. तो बोटांत चोळून पाहत आणि मग नांगर कुठे टाकायचा ते सांगत. तरुण अधिकारी हसत. लीडिंग सीमन रघुनाथ बेहेरा मात्र दोरी धरायला नेहमी हजर असे. तो ओडिशाच्या किनाऱ्यावरचा, मच्छीमाराचाच मुलगा. तो चीफना म्हणे, "चीफ साब, मेरे बाबा इसमें चर्बी लगाते हैं. आपका साबुन तो धुल जाता है." चीफ म्हणत, "तेरे बाबा का समंदर मैला है, रे." रोज हेच बोलणं, रोज दोघे हसत.

ती घटना सप्टेंबरातली. वारा नैर्ऋत्येचा, लाटा अडीच ते तीन मीटर. १३२० ला, म्हणजे दुपारी एक वीसला, रेडिओवर संदेश आला. मालवणच्या बाहेर एका ट्रॉलरचं इंजिन बंद पडलं होतं. वर सात माणसं. नांगर टाकला होता, पण तो घसरत होता. आम्ही १३५२ ला तिथे पोचलो. ट्रॉलर आणि आमच्यामध्ये खडकांची रांग होती. ट्रॉलर त्याच रांगेकडे सरकत होता. माझ्या अंदाजाने त्याच्याकडे चाळीस मिनिटं होती.

जहाज जवळ नेण्याइतकं पाणी नव्हतं. जेमिनी, म्हणजे हवेची रबरी बोट, पाठवावी लागणार होती. वाटा दोन. रांगेला बाहेरून वळसा घालून, पंचवीस मिनिटं. किंवा रांगेतल्या एका फटीतून, दहा मिनिटं. चार्टवर त्या फटीत एकही खोली लिहिलेली नव्हती. नुसता पांढरा कागद.

माझा एक्झिक्युटिव्ह ऑफिसर लेफ्टनंट गिल म्हणाला, "सर, तुम्ही इथलेच. ही फट चालेल?"

सगळा ब्रिज माझ्याकडे पाहत होता. मी दुर्बीण लावली. फटीत पाणी गुळगुळीत दिसत होतं. मी म्हणालो, "चालेल. जेमिनी वन, आतून."

बेहेरा कॉक्सवेन होता, म्हणजे बोट त्याच्या हातात. त्याच्याबरोबर आणखी दोघे. १३५८ ला बोट पाण्यात उतरली.

बोट पाण्यात सोडून चीफ ब्रिजवर आले. फटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी मालवणीत विचारलं. ब्रिजवर दुसऱ्या कोणाला मालवणी कळत नव्हती, म्हणूनच.

"सायबानू, सुकती आसा. तुमी हयसून कधी गेल्लास?"

सुकती म्हणजे ओहोटी. आणि या फटीतून मी कधीच गेलो नव्हतो. बोट अजून दोनशे मीटर अलीकडे होती. रेडिओ माझ्या हातात होता. मला फक्त एक शब्द बोलायचा होता.

मी इंग्रजीत म्हणालो, "कॅरी ऑन, चीफ."

१४०४ ला बेहेराचा आवाज आला. "ब्रिज, जेमिनी वन. एंटरिंग गॅप. ओव्हर."

"जेमिनी वन, रॉजर."

लाट ओसरली आणि फटीच्या मधोमध काळा खडक वर आला. पुढच्या लाटेने बोट त्यावर उचलून आपटली. ती उलटली. दोन डोकी दिसली. तिसरं दिसलं नाही. मी तीनदा हाक दिली. रेडिओवर नुसती खरखर होती.

ट्रॉलर अजून सरकत होता. सगळे पुढच्या ऑर्डरची वाट पाहत होते.

मी चीफकडे वळलो. "चीफ, माका म्हायत नाय." मग सगळ्यांना कळेल असं इंग्रजीत सांगितलं, की मला या पाण्याची काहीच माहिती नाही, बोटींचं काम आता मास्टर चीफ सांगतील तसं होईल.

चीफनी एक क्षणही घालवला नाही. "दुसरी जेमिनी. मी जातंय. बाहेरून. जहाज वाऱ्याच्या वरच्या अंगाक ठेवा, लाट मोडात."

१४१० ला ते निघाले. दुर्बिणीतून मला दिसत होतं. पाण्याचा रंग बदलला की ते हात वर करत, बोट हळू होई, दोरी पाण्यात जाई. मग हात खाली. रेडिओवर ते फक्त आकडे सांगत होते. "चार मीटर. तीन. तीन. पाच, चला." खडकाला धरून राहिलेल्या आमच्या दोघांना त्यांनी मागच्या बाजूने उचललं. १४३६ ला ट्रॉलरपाशी पोचले; त्याचा नांगर मध्ये थोडा धरला होता, म्हणून तो अजून रांगेच्या अलीकडे होता. दोन फेऱ्यांत सातही मच्छीमार आमच्या डेकवर आले. दुसरी फेरी संपली तेव्हा ट्रॉलर खडकावर फुटत होता.

बेहेरा १६१५ ला सापडला. लाइफ जॅकेट अंगावर होतं. डोक्याला मार होता.

संध्याकाळी चीफ मागच्या डेकवर दोरी गुंडाळत बसले होते. मी शेजारी उभा राहिलो. दोरीचा शेवटचा वेढा त्यांनी घातला. मग म्हणाले, "मोठ्यान इचारूक होया होता. सगळ्यांसमोर. तुमची लाज राखूक गेलंय."

बोर्ड ऑफ इन्क्वायरीत पहिल्याच दिवशी प्रश्न आला. "तुम्हाला त्या भागाची स्थानिक माहिती होती का?" मी म्हणालो, "नाही सर. मी समुद्रापासून आतल्या गावचा आहे. जहाजावर हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. चीफनी विचारलं, तेव्हाही सांगितलं नाही." मला सिव्हिअर डिसप्लेजर, म्हणजे नोंदीवर राहणारी कडक नाराजी, मिळालं. पुढचं प्रमोशन लांबलं. ते योग्य होतं.

त्यानंतर मी आणखी दोन जहाजांची कमांड सांभाळली. प्रत्येक जहाजावर पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र करून मला काय येत नाही ते सांगितलं. रिअर अॅडमिरल झालो त्या दिवशी, अॅडमिरलला मिळतो तो माझा स्वतःचा ध्वज चढल्यावर, ऑफिसात बसून मी हे पत्र लिहिलं.

"आदरणीय चीफ,

आज सकाळी ०८०० ला माझा ध्वज चढला. तुम्ही यावं अशी फार इच्छा होती. गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही असं तुमच्या मुलाने कळवलं. काळजी घ्या.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या आहेत.

त्या वर्षी मी बेहेराच्या घरी गेलो होतो. त्याच्या वडिलांनी एकच विचारलं, 'साहब, आपको रास्ता मालूम था?' मी नाही म्हणालो. ते उठून आत गेले. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. ते त्यांची शिशाची दोरी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. बुडाला चरबी होती. ती मी प्रत्येक जहाजावर बरोबर नेली. आता माझ्या टेबलावर आहे.

दुसरं. सर्व्हे होऊन नवा चार्ट आला आहे. त्या फटीत आता खडकाची फुली आहे. चार्टवर खडकाला माणसाचं नाव देत नाहीत. माझ्या प्रतीवर मी पेन्सिलने लिहिलं आहे, बेहेरा. पेन्सिल पुसट होते. झाली की पुन्हा लिहितो.

तुमचा,
तळ्यातला साहेब"