मेंढी बसली, मग घोंगडं

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर आपल्याच घरी पाहुण्यासारखे आले. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आटपाडीहून नदीकाठच्या उसाकडं उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. मधले महिने रानात. माझा नवरा फौजेत. त्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आबा, आज मुक्काम कुठं?" मामंजी त्या त्या गावाच्या शिवाराचं नाव सांगायचे.

मग गुडघ्यांनी दगा दिला. कळप पुतण्याच्या हवाली केला, एक म्हातारी मेंढी तेवढी जवळ ठेवली. माणूस घरी आला, पण घरात काही येईना. अंगणातल्या बाभळीखाली घोंगडं टाकून निजायचे. थंडीत छाती भरली, दवाखाना झाला. नवरा फोनवर माझ्यावरच चिडायचा, "त्यांना आत घे." आत घे म्हणे! ते काय करडू आहे, कान धरून आत ओढायला? नळावरच्या बायका कुजबुजायच्या, सून म्हाताऱ्याला बाहेर झोपवते. माझं डोकं फिरायचं. पण बायकांचं सोडा, पुढची थंडी या माणसाला बाहेर झेपणार नाही, ही भीती मला खरी खात होती.

"आत जीव गुदमारतोय पोरी," ते म्हणायचे. "आभाळ दिसत न्हाई."

ते काही खोटं नव्हतं. आमचं घर दगडमातीचं, वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छत. आत गार, पण अंधार. गवंडी म्हणाला, "वैनी, पाडा की समदं. स्लॅब टाकतो, लय झ्याक हुईल." म्हटलं, कुपवाडला माझ्या भावाची स्लॅबची खोली आहे, उन्हाळ्यात तिथं अंथरुणावर पापड भाजून निघेल. काही पाडायचं नाही.

माळवदाची जुनी माती उतरवली, किडकी तेवढी लाकडं बदलली, चुना घालून पुन्हा चोपलं. वरचं पावसाचं पाणी अंगणातल्या टाकीत सोडलं. पडक्या गोठ्याचे दगड होतेच, त्यांतून पूर्वेला सोपा, म्हणजे उघडी ओसरी, वाढवला. पुढं कमरेएवढी भिंत, म्हणजे निजल्यावर वारा लागू नये आणि आभाळही दिसावं. वर तसंच माळवद आणि थंडीत सोडायला तरटाचा पडदा. सगळं मामंजींसाठी. फक्त फरशी माझ्या हौसेची. भावाकडं बघून आलेली, चकचकीत, तोंड दिसेल अशी.

घरभरणी झाली. पुरणपोळ्या उरकल्या आणि मामंजी त्या मेंढीला घेऊन सोप्यात चढले. मी ओरडले, "आवं मामंजी, ती घाण करंल की!" त्यांनी हातानंच गप्प केलं. मेंढीचे पाय फरशीवर चारी दिशांना गेले. बिचारी कशीबशी सावरली, ओरडत राहिली, पण बसेना.

"न्हाई बसत पोरी," ते म्हणाले आणि घोंगडं उचलून बाभळीखाली गेले.

मुक्कामाची त्यांची रीतच तशी. कळपाच्या पुढं चालणारी मेंढी आधी बसणार, मग त्या जागी घोंगडं पडणार. पण मी अशी तापले! एवढा घाम गाळला आणि माझं घर पास-नापास मेंढी ठरवणार? दोन दिवस भाकरी ताटात आपटून वाढली. तेही मुकाट्यानं जेवून उठायचे.

तिसऱ्या दिवशी मी ओल्या पायानं सोप्यात आले आणि माझाच पाय सटकला. भिंत धरली म्हणून वाचले. तशीच उभी राहिले आणि एकदम डोक्यात आलं. गुडघे कुणाचे गेलेत? "मला इथं पडायची भीती वाटते," असं तो माणूस सुनेला मेला तरी सांगणार नाही. मेंढीला पुढं करील. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदमच.

गवंड्याला बोलावलं. "वैनी, याड लागलं काय?" म्हणत त्यानं फरशी काढली, निघाली तेवढी चुलीमागच्या भिंतीला लावली. सोप्यात मुरूम चोपला आणि मी स्वतः बसून शेणानं सारवलं.

सारवण वाळल्यावर मीच मेंढीचा दोर मामंजींच्या हातात दिला. ते माझ्याकडं बघून मिशीत हसले. मेंढीनं जमीन हुंगली, एक गिरकी घेतली आणि पाय मुडपून खाली बसली. रवंथ करायला लागली. भवानी! मामंजींनी तिच्या शेजारी घोंगडं पसरलं आणि गुडघ्यावर हात ठेवून सावकाश टेकले.

संध्याकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते. नवऱ्याचा फोन आला, तो स्पीकरवर लावून त्यांच्यापुढं ठेवला.

"आबा, आज मुक्काम कुठं?"

मामंजींनी एकवार वर माळवदाकडं बघितलं.

"मुक्काम न्हाई रं," ते म्हणाले. "घरी हाय."

मी पिठाच्या हातानंच चुलीवर तवा चढवला.